मागची सीट काढलेली गाडी

बाबा, तुम्हाला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. कारण तसं साधंच आहे. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात आज सकाळी माझा नातू त्याच्या जुन्या गाडीची मागची सीट काढत होता. दक्षिणेत कुठेतरी शर्यतीचा रस्ता आहे, तिथे दिवसभर आपली गाडी हवी तेवढी पळवू देतात म्हणे. नवी गाडी परवडत नाही, म्हणून हीच हलकी करतोय, असं म्हणाला. मी खुर्ची टाकून बघत बसले. त्याने शेवटचा बोल्ट सोडवला, सीट ओढून बाहेर काढली, खालचा उघडा पत्रा दिसला, आणि मी उठून घरात आले. "आजी, काय झालं?" असं त्याने मागून विचारलं. मी कपाटातून कागद काढला.

अंधेरीच्या आपल्या चाळीमागे चिंचेचं झाड होतं, त्याच्याखाली ती गाडी उभी असायची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, विलायती. डॉक्टरसाहेबांची. एकोणीस वर्षं तुम्ही ती चालवलीत. डॉक्टर मागे बसायचे आणि वेग जरा वाढला की हातातल्या काठीने तुमच्या सीटच्या पाठीवर टकटक करायचे. मी लहानपणी दोनदा त्या गाडीत बसले होते आणि दोन्ही वेळा ती टकटक ऐकली होती. तुमची मान हलायची नाही, पण खांदे किंचित खाली जायचे, आणि गाडी हळू व्हायची. डॉक्टर वारले, बंगला विकायला निघाला, तेव्हा त्यांच्या बाईंनी तुम्हाला बोलावून किल्ली हातात ठेवली. "ही तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, तुम्हीच न्या," म्हणाल्या. तुम्ही गाडी घरी आणलीत त्या दिवशी सगळी चाळ बाहेर आली होती. शेजारचे काका म्हणाले, "आता टॅक्सी काढा, झकास चालेल." तुम्ही नुसते हसलात.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी तुम्ही पाना घेऊन आत शिरलात आणि सगळ्यात आधी मागची सीट काढलीत. मी तेव्हा बावीस वर्षांची, म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवत होते. वह्या तपासायला झाडाखाली बसले होते. मी विचारलं, "ही का काढली?" तुम्ही सीट भिंतीला टेकवून ठेवलीत, रुमालाने हात पुसलेत आणि म्हणालात, "जुहूच्या धावपट्टीवर शर्यत आहे, संक्रांतीनंतर. कुणीही गाडी आणावी. हिला किती पळता येतं ते एकदा बघायचंय."

तुम्हाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. गाडीचा हॉर्नसुद्धा तुम्ही अगदीच गरज पडली तर वाजवायचात. माझ्या हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली.

मग चार महिने आपण ती गाडी उलगडत बसलो. मी 'आपण' म्हणते, कारण दुसऱ्या रविवारपासून मी वह्या घरात ठेवून खाली यायला लागले. सतरंजी निघाली, छताचं कापड निघालं, दोन्ही बंपर, पायऱ्या, मडगार्ड, दारांच्या काचा निघाल्या. आई कठड्यावरून बघायची आणि म्हणायची, "गाडी सोलतास की फणस?" काढलेला सगळा माल तुम्ही कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर घालून आणलात आणि आल्या आल्या आईला सांगितलंत, "तू आणि ही, दोघी उतरलात असं समज." तुम्ही इतके खूश झालेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. ड्रायव्हरच्या सीटच्या जागी वेताची खुर्ची आली, पाय कापून, पत्र्याला पट्ट्यांनी आवळलेली. बांधून घ्यायला खाटेची नवार. बॉनेटवर तुमचा स्वतःचा कमरेचा पट्टा. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा फार लवचीक, वळणावर गाडी झुकते, म्हणून त्यांना तुम्ही आईच्या माहेरून आलेला काथ्या गुंडाळलात, ओला करून, एकेक वेढा पायाने रेटून, जसा कोकणात होडीला बांधतात तसा. विकत असं काही आणलंच नाही जवळजवळ. घाटकोपरच्या एका लेथवाल्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, घासून दिलं, तुमच्याशी जुनी ओळख म्हणून. ते आपण दोघांनी गोणपाटात गुंडाळून, दोन बाजूंना धरून घरी आणलं. मुलाला आंघोळ घालून आणावं तसं तुम्ही ते धरलं होतंत.

ते हेड स्वयंपाकघरात आलं, कारण बाहेर धूळ होती. व्हॉल्व्ह आपल्या जागी घट्ट बसावेत म्हणून त्यांना खरखरीत पेस्ट लावून काठीने घोळवत राहायचं, पुढे-मागे, पुढे-मागे, तासन्‌तास. आई चुलीपाशी. भाताच्या पातेल्याशेजारी परातीत रॉकेल. ती काही वेळ सहन करते, मग माझ्या हातांकडे बघते आणि म्हणते, "सर गो. जन्मात कधी ताक घुसळलंस काय?" आणि पदर खोचून बसते. दोन्ही तळहातांमध्ये काठी धरून ती रवीसारखी फिरवते, थांबते, व्हॉल्व्ह उचलून जागेवर फिरवून ठेवते, पुन्हा फिरवते. तुम्ही दारात उभे. तिने आठही व्हॉल्व्ह केले. तुम्ही रॉकेल ओतून बघितलंत, एक थेंबही खाली आला नाही. तुम्ही एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरून बघत राहिलात, आणि ती म्हणाली, "आता भात तरी खातास?"

तुम्ही मला एकदाच बोललात, ते शर्यतीच्या तीन दिवस आधी. स्टिअरिंगच्या दांड्याचा जोड मी बसवला होता. नट आवळायचा, त्याच्या भोकातून बारीक पिन घालायची आणि तिची टोकं वाकवायची, म्हणजे हादऱ्याने नट सुटत नाही, हे तुम्ही मला दहा वेळा दाखवलं होतंत. मी वर येऊन "झालं" म्हणाले होते. संध्याकाळी तुम्ही मला खाली बोलावलंत. कंदील गाडीखाली धरलात.

"झालं म्हणालीस ना?"

"हो."

"बघ."

तुम्ही दोन बोटांनी नट फिरवला. तो फिरला. पिन नव्हतीच. ती माझ्या ओच्यात होती, विसरलेली. मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही कंदील खाली ठेवलात आणि अगदी हळू म्हणालात, "विसरलीस त्याचं काही नाही. मीही विसरतो. पण बघितल्याशिवाय झालं म्हणायचं नाही. तो शब्द तोंडातून काढायच्या आधी हात लावायचा." मग तुम्ही वर गेलात, आणि मी अंधार पडेपर्यंत त्या गाडीच्या एकेका बोल्टला हात लावत गेले. अजूनही गॅस बंद केला असं म्हणायच्या आधी मी बटणाला हात लावते. सून हसते. हसू दे.

शर्यतीच्या दिवशी मी तुमच्या शेजारी पत्र्यावर बसून जुहूला आले. आवाज बंद करणारी नळी तुम्ही काढून टाकली होती, त्यामुळे रस्त्यावरची माणसं वळून बघत होती आणि मी पदर तोंडाशी धरून बसले होते. शाळेतल्या कुणाच्या पालकाने बघितलं तर वाट लागली, एवढंच मनात. धावपट्टीवर पोचलो तर बुटक्या, उघड्या, चकचकीत गाड्या रांगेत उभ्या. लाल, हिरव्या. गळ्यात रुमाल बांधलेली तरुण पोरं. त्यांचे मेकॅनिक आमच्यासारखेच दिसत होते, म्हणून मला वाटतं, टेबलाशी बसलेला गृहस्थ तुमच्या खाकी कपड्यांकडे बघून म्हणाला, "गाडीवर कोण बसणार? साहेब कुठायत?"

"मीच बसणार," तुम्ही म्हणालात.

"आणि गाडी कुणाची?"

"माझीच."

तो काही वाईट माणूस नव्हता. जरा थांबला, मग नाव लिहून घेतलं. तुम्ही सही केलीत. तुमची सही मी पगाराच्या कागदावर पाहिली होती, आखडलेली, कोपऱ्यात. ही मात्र ओळ ओलांडून गेली.

सहा फेऱ्या होत्या. पट्टीच्या दोन्ही टोकांना तेलाची पिंपं ठेवलेली, त्यांना वळसा घालून परत यायचं. मी माडांच्या बाजूच्या वळणावर दोरीला धरून उभी होते. पहिल्या फेरीत सगळे सुसाट पुढे गेले आणि तुम्ही मागून येताना दिसलात, काळी, मडगार्ड नसलेली, उघड्या चाकांची गाडी, वाळलेल्या किड्यासारखी. लोक हसले. मीही खाली बघितलं. पण मग ते वळण आलं. बाकीचे पिंपांपाशी पोचून ब्रेक दाबत होते, घसरत होते, बाहेर फेकले जात होते आणि पुन्हा गाडी सरळ करत होते. तुम्ही आधीच वेग कमी केलात, कधी केलात ते कळलंच नाही, आणि पिंपाला जवळजवळ कोपर लागेल इतक्या जवळून एका रेषेत वळून निघून गेलात. कुठे हिसका नाही, कुठे किंचाळणं नाही. एकोणीस वर्षं आजारी माणसांकडे डॉक्टरांना न हलवता नेणारा हात तो. त्या वळणात तुम्ही एक गाडी मागे टाकलीत. पुढच्या फेरीत दुसरी. तिसऱ्या फेरीला कुणीही हसत नव्हतं. माझ्या शेजारचा एक म्हातारा पारशी ओरडला, "अरे, जुवो, जुवो, पेला काला ने जुवो!" त्या काळ्याकडे बघा, म्हणून, आणि मला सांगावंसं वाटलं, ते माझे वडील आहेत.

पाचव्या फेरीत तुम्ही चौथे होतात. लांबून येताना मी तुमचा चेहरा बघितला. बाबा, मी तुमचा चेहरा रोज बघत होते. जेवताना, दाढी करताना, तापात. तो चेहरा मी कधीच बघितला नव्हता. तुम्ही हसत नव्हतात, रागावलेलेही नव्हतात. त्या चेहऱ्यावरून कुणीतरी काहीतरी उचलून नेलं होतं आणि खाली एक पंचविशीचा माणूस होता. आणि तेवढ्यात मागच्या झिजलेल्या टायरवर चढवून घेतलेलं नवं रबर सुटलं.

आधी फटाका फुटल्यासारखा आवाज. मग एक काळी पट्टी हवेत उडाली. गाडीचं मागचं अंग बाजूला आलं आणि ती आडवी होऊन सरळ आमच्या दोरीकडे यायला लागली. लोक पळाले. मी पळाले नाही. धैर्य नव्हतं ते, पळायचं सुचलंच नाही. तुम्ही ब्रेक दाबला नाहीत, हे मला तेव्हाही दिसलं. तुम्ही चाक घसरत्या बाजूलाच वळवलंत, अगदी थोडं, मग परत, मग पुन्हा थोडं, आणि गाडी माझ्यापासून पंधरा हातांवर धुळीच्या ढगात वळून थांबली. इंजिन चालू होतं. धूळ खाली बसली तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात.

खाली उतरलात. टायरला हात लावलात. मग गाडीखाली वाकून स्टिअरिंगच्या जोडाला हात लावलात. पिन जागेवर होती. दोघं-तिघं धावत आले होते. एक पोरगा म्हणाला, "यार, एकच फेरी राहिलीये, चला ना, पोचाल!" मलाही तेच वाटत होतं. हो, मलाही. तुम्ही दोरीपलीकडच्या माणसांकडे बघितलंत, आत हात घालून इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, "झालं."

आपण दोघांनी ढकलत गाडी कडेला नेली. मी विचारलं, "वाईट वाटलं?" तुम्ही माझं बोलणं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तुम्ही माडांकडे बघत म्हणालात, "पुढे काहीच नव्हतं गं. आणि मागे टकटक करणारं कुणी नव्हतं." एवढंच. घरी आईने विचारलं तर म्हणालात, "बरी पळाली." होळीच्या आत तुम्ही सीट परत बसवलीत, मडगार्ड बसवलेत, आणि लग्नाच्या वरातींना गाडी देऊ लागलात. माझ्या वरातीतही तुम्हीच चालवलीत, इतकी हळू की माझे सासरे मध्येच म्हणाले, "जरा लवकर हाणा ना." मी मागे बसले होते. मला तुमची मान दिसत होती. मी हसले आणि रडले, आणि लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि लिहायला पत्ता नाही. माझ्या औषधांच्या डब्यात ते बसेल. पण एक गोष्ट राहिली आहे, ती लिहिते आणि थांबते. शर्यतीच्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, आई देवापुढे बसली होती. मी तिच्या शेजारी हात जोडून उभी होते. तुम्ही दारातून बघितलंत आणि समाधानाने खाली गेलात. तुम्हाला वाटलं असेल, ही माझ्यासाठी मागतेय. मी मागत होते, गाडी सुरूच होऊ नये. चार महिन्यांचं सगळं वाया जाऊ दे, लोक हसू देत, पण ती हलू नये. अगदी मनापासून मागत होते. खाली तुम्ही हँडल मारलंत आणि ती पहिल्या फटक्यात सुरू झाली, नळीशिवाय, एवढ्या मोठ्याने की फळीवरची भांडी थरथरली. आणि बाबा, मी देवाकडे पाठ करून, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या सोडत खाली धावले.