चढाचे इंजिन आणि सपाटीचे सल्लागार

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे आणि दाजींचा खोकला गेला, की अजून फोन उचलला की त्यांच्या आधी तोच बोलतो, हे कळव. इकडे सगळे ठीक, म्हणजे कोणी आजारी नाही, एवढेच.

ताई, तू, मी आणि ज्यांच्या ज्यांच्या बागेला चढ आहे ते सगळे एकाच अन्यायाचे बळी आहोत. बागेतल्या छोट्या रेल्वेबद्दल जे जे लिहिले जाते, विकले जाते आणि छाती ठोकून सांगितले जाते, ते सपाट बागांचे मालक लिहितात, विकतात आणि सांगतात. त्यांची हिरवळ टेबलासारखी. त्यांची वळणे इतकी ऐसपैस, की आपण वळलो हे इंजिनाच्याही लक्षात येत नाही. आणि ही माणसे आपल्याला शहाणपण शिकवणार. जगातला निम्मा मूर्खपणा कधीही चढ न चढलेल्यांनी चढाबद्दल लिहून ठेवलेल्या मजकुरातून आला आहे, असे माझे मत पुष्कळ वाचनानंतर झाले आहे (मी आधी मत बनवतो आणि मग त्याला साजेसे वाचतो, असे दाजी म्हणतात. म्हणू देत.)

आमची बाग तुला माहीत आहे. खाली स्वयंपाकघराचे दार, वर कुंपणाशी सासूबाईंची खोली आणि मधली ती बाग कसली, घसरगुंडीच. सासूबाई त्या खोलीत आपण होऊन राहायला गेल्या (घरात बोलणे फार होते, असे कारण त्यांनी दिले, कोणाचे ते सांगितले नाही). त्यांना सकाळचा चहा पोचवायचे काम माझ्या गळ्यात पडले. वर जाईपर्यंत चहा निवतो आणि मला धाप लागते. म्हणून मी जाहीर केले, की यापुढे चहा रेल्वेने जाईल. रूळ मी स्वतः टाकले. पाण्याची टाकी आणि अंजिराचे झाड यांच्या मधल्या बोळातून ते असे वळवावे लागले, की बघणाऱ्याची मान अवघडावी. दुसरी जागाच नव्हती. तुझ्या भावजयीने सगळे पाहून घेतले आणि शांतपणे अट घातली. रविवारपर्यंत गाडीने भरलेला कप वर नेला तर ठीक, नाहीतर सोमवारी गवंडी येऊन रूळ उखडेल आणि तिथे कठड्यासकट सिमेंटची पायवाट करेल. ती शांतपणे बोलते तेव्हा मी काय, गवंडीसुद्धा वाद घालत नाही.

तेव्हा इंजिन निवडायला दुकानात गेलो. चढ किती, वळण केवढे, ओझे काय, यातले एक अक्षर दुकानदाराने विचारले नाही. त्याने विचारले, "साहेब, काळं देऊ की हिरवं?" मी काळे घेतले. लांबलचक, मोठाल्या चाकांचे, पितळी पट्ट्यांचे, मागे कोळशाचा डबा जोडलेले बॅटरीवरचे एक्स्प्रेस इंजिन. दुकानातल्या टेबलावर ते गोल गोल फिरत होते आणि शिट्टी अशी घालत होते, की ऐकणाऱ्याने दोन शब्द बोलायला उठावे. पण टेबलावर कोणीही पहिलवान असतो. आमच्या टाकीपाशी आल्यावर पुढची चाके वळली, मागची तयार होती, आणि मधल्यांनी सरळ जायचे ठरवले. अरुंद जिन्यात अडकलेले कपाट पाहिले आहेस ना, तसे ते रुळांत अडकले आणि मग आडवे झाले. उचलून पुढे ठेवले तर चढावर चाके जागच्या जागी फिरू लागली. नुसती धडपड, आवाज आणि ऐट. पुढे सरकणे शून्य. असे नेते मी आयुष्यभर पाहिले आहेत, पण त्यांना घरी आणण्याचा हा पहिलाच प्रसंग. मागचा तो कोळशाचा डबा तर कोळसाही नेत नाही. तो फक्त ओढून घेण्यासाठी आलेला असतो.

मग आमच्या बागरेल्वे मंडळाचे चिटणीस सल्ला द्यायला आले. यांना आम्ही परीटघडी म्हणतो, कारण बागेत वावरूनही यांच्या कपड्यांना सुरकुती पडत नाही (सपाट बाग, दुसरे काय). खाली उभे राहूनच ते म्हणाले, "वळण मोठं करा. टाकी हलवा." टाकी पाण्यासकट हलवू की रिकामी करून, असे विचारले तर म्हणाले, "ते तुम्ही बघा." मग म्हणाले, इंजिनात शिसे भरा. भरले. आता ते वळणावर आडवे होईना, कारण वळणापर्यंत पोचेचना. शेवटी जाता जाता, घड्याळ बघत, त्यांनी आपले सिद्धान्तवाक्य टाकले, "घर्षण कमी करा, घर्षण. सगळा खेळ तिथे आहे."

मी विचारांचा माणूस. घर्षण शत्रू ठरल्यावर त्याला जिवंत कशाला सोडायचे? सगळे शिसे काढले आणि खालपासून वरपर्यंत रुळांना मनसोक्त तेल लावले. गाडी जोडली, डब्यात चहाचा भरलेला कप ठेवला आणि वळणावरून हाताने पुढे नेऊन चढावर सोडली. आता मला कळते, की चाक रुळाला धरून चढते ते त्या घर्षणाच्याच जोरावर, आणि तेल घालायचे असते ते चाकाच्या आसाला. परीटघडींना हे माहीत असणारच, पण कुठले घर्षण, हे सांगायला त्यांना वेळ नव्हता. इंजिनाने एक क्षण माझ्याकडे पाहिल्यासारखे केले आणि गाडी जी मागे सुटली, ती वळणावर न थांबता, न वळता, थेट खाली. तुझी भावजय तेव्हा गवंड्याला जागा दाखवत होती. चहा तिच्या पावलावर गेला (निवलेला होता, या चढाचा तेवढा एक फायदा). तिने पाऊल झटकले. गवंडी मात्र टेप गुंडाळत म्हणाला, "बाई, सोमवारची वाट कशाला बघायची?"

रूळ साबणाच्या पाण्याने पुसून काढताना मी या प्रश्नाच्या मुळाशी गेलो. आपल्याला ऐटदार इंजिन नको. बुटके हवे. चाके लहान, इंजिनाच्या पोटाखालच्या दोन छोट्या, सुट्या गाड्यांवर बसवलेली, म्हणजे वळणावर प्रत्येक गाडी आपापली वळेल. एकही चाक फुकटे नको, सगळ्यांना मोटरचा जोर मिळाला पाहिजे. अंगचे सगळे वजन त्याच चाकांवर, आणि चाल सावकाश. दिसायला चपलेच्या खोक्यासारखे असले तरी चालेल. हे सगळे तू मला पूर्वी एकदा सांगितले होतेस, पण दोन वाक्यांत, आणि दोन वाक्यांत सांगितलेले माझ्या मनावर ठसत नाही. मुद्दा असा, की हा प्रश्न माझ्या एकट्याच्या चहाचा नाही. मी हरलो तर परीटघडी पुढच्या सभेत उभे राहून सांगणार, की चढावर रेल्वे होतच नाही, आणि सगळे सपाटवाले माना डोलावणार. मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त मोठ्या बहिणीला सत्य कळावे म्हणून लिहिले.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझ्या गच्चीवरच्या बागेत कुंड्यांमधून वर चढणारे ते तपकिरी, खोक्यासारखे इंजिन अजून चालते ना? सहज विचारले.

ता. क. सहज नाही विचारले. ते मला हवे आहे. रविवारनंतर परत करीन. (करीन असे वाटत नाही.)

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात सासूबाईंनी वर बोलावून घेतले. या घरात रेल्वे व्हावी असे मनापासून वाटणारे माणूस निघाले ते त्या. मला भरून आले. मी आभाराचे बोलायला लागलो, तर म्हणाल्या, "जावईबापू, सिमेंटची वाट झाली तर तुम्ही रोज आरामात वर याल. आणि मग बसाल. त्यापेक्षा चहा एकटा येऊ दे." त्यांचा हेतू काय, यात मी शिरत नाही. लढ्याला माणूस मिळाले की हेतू विचारू नये, लगेच कामाला लावावे. रविवारपर्यंत हात आवर, असा त्यांनी आपल्या लेकीला दम भरला आहे. त्यापुढे त्यांचेही चालणार नाही. तेव्हा ताई, माझ्यासाठी नको, एका वृद्ध बाईच्या शांततेसाठी, ते इंजिन जुन्या टॉवेलात गुंडाळ आणि शनिवारी सकाळच्या गाडीने दाजींबरोबर पाठव.