आतून ओरडणारी बाई

तेलीबाग, लखनौ
१२ नोव्हेंबर २०२४

ती. वसुधाताईस,
धाकट्या दीनानाथचा शि. सा. न. वि. वि.

समीरच्या सिनेमाचं तिकीट मला फुकट मिळालं. न्यायला गाडी त्यानंच पाठवली, मध्यंतरातला समोसाही त्याच्याच खात्यावर. मला खर्च पडला तो एका मुलाचा. त्या संध्याकाळपासून तो घरी आला नाही, परस्पर मुंबईला गेला, आणि माझा फोन उचलत नाही. तुझ्याशी फोनवर बोललो असतो, पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

सिनेमा विनोदी आहे. लखनौतल्या एका मराठी पोराला मिसरूड फुटतं, तो बारावीत गटांगळ्या खातो, प्रेमात पडतो, तोंडावर आपटतो, शहाणा होतो. बाप लखनौच्या चौक बाजारात चांदी गाळतो. बाप कोण ते तू ओळखलंसच. तो भाजीवाल्याला विचारतो की भैया, ये कोथिंबीर ताजा है क्या, आणि शेजाऱ्याला विचारतो की मेरा कुलूप किधर गया, की अख्खं थेटर खिदळतं. याच हिंदीवर मी चार भट्ट्या उभ्या केल्या, ताई. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. निदान तोंडावर नाही. आपल्या विट्याचे माणिकराव शेजारी होते. ते आधी माझ्याकडं बघायचे, मग हसायचे. मागं एक जण बायकोला म्हणाला की साहबज़ादे ने तो वालिद साहब को धो डाला. सगळं ऐकलं. हसलोही. धंद्यात हसायची सवय लागते.

खपली नाही ती एकच गोष्ट. त्यात आई नाही. पोरगा रडत बसतो, तेव्हा आतून कुणी बाई ओरडते की रडून झालं असंल तर गॅस बंद कर, दूध उतू चाललंय. बाई दिसत नाही, नुसती ओरडते. लोकांना ते फार आवडलं. मला विचारशील तर आवाज भाड्यानं आणलेला आणि बोली विट्याची म्हणून घडवलेली. फरशीवर नाणं टाकलं की पाठमोरा उभा राहून मी खोट सांगतो, हे चौकातले सराफही मानतात. तो आवाज खोटा. अनघा अशी कधी बोलली? तिचा शब्द शेजारच्या खोलीत जात नसे.

बाहेर समीरनं विचारलं की बाबा, कैसी लगी. भोवती त्याचे नट, दोस्त. मी म्हणालो की आईला जाऊन वर्ष झालं नाही, आणि तू तिला हाकलून तिच्या जागी ही कसली बाई आणलीस?

पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध. पोटचा मुलगा असताना पिंड दुसऱ्या कुणी द्यायचे का? तुझं तो ऐकतो. त्याला बोलाव.

माझ्यावरचा लोभ या भांडणात आटू देऊ नकोस.
तुझा दीनानाथ

—

विटा
२० नोव्हेंबर २०२४

चि. दीनानाथ यास,
वसुधाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून माझी सटकली. म्हणून लगेच लिहिलं नाही. लेकीला, नेत्राला, सोबत घेतलं, दुखरे गुडघे घेऊन सांगली गाठली आणि सिनेमा बघून आले.

तुझ्या कुलपाला मी पोट धरून हसले, त्याची माफी मागणार नाही. मग आतून तो आवाज आला आणि मी खुर्चीतून उठले. नेत्रा पदर ओढून खाली बसवत होती. दीना, ती अनघा आहे. भाड्याची नाही, घडवलेली नाही. आपली अनघा.

समीरला फोन लावला. तो सांगत होता की आत्या, मी घरी रडायच्या सीनची तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो आणि आईनं मध्येच ओरडून वाट लावली. तेव्हा तो तिच्यावर चिडला होता. ती गेल्यावर त्याच्याकडं तिचा तेवढाच आवाज उरला. त्या एका हाकेभोवती त्यानं सगळा सिनेमा रचलाय. तिच्या जागी दुसरी बाई उभी करवेना, म्हणून दाखवली नाही. तुला आधी सांगितलं नाही, कारण बाबा अंधारातही ओळखतील अशी त्याची खात्री होती. बाहेर तो तेवढंच ऐकायला उभा होता.

आणि तिचा शब्द शेजारी जात नसे, हे मला शिकवतोस? तू घरात शिरलास की ती आवाज खाली घ्यायची, माणूस भट्टीवरून दमून आलाय म्हणून. पोराला ती गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी हाकारायची. तेलीबागेतल्या कुणालाही विचार.

त्याला म्हटलंय की फोनवर तुम्ही भांडाल, बापाला दोन ओळी लिही. तूही जरा नमतं घे. औषधं वेळेवर घे, आणि या म्हातारीचं बोलणं मनाला लागू दे, लागायलाच लिहिलंय.
तुझी ताई

—

मुंबई
२७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,
नमस्कार.

आत्या म्हणाली मराठीत लिही, म्हणून लिहितोय. मिस्टेक माफ करा.

मी गुस्सा नाही. मतलब, होतो. आता फक्त थकलोय. हॉलमध्ये मी पडदा नाही बघत होतो, तुम्हाला बघत होतो. आईची आवाज आली, तेव्हा तुम्ही मागे वळून बघितलं की कोण हसतोय.

तुमच्यावर हसवलं, त्याचं वाईट वाटलं असेल तर सॉरी. पण यार बाबा, तो बाप पिक्चरमध्ये सगळ्यांचा फेव्हरेट आहे. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?

श्राद्धाला येणार. पूर्ण रेकॉर्डिंग तुमच्या फोनवर पाठवलंय. सिनेमात त्यातलं थोडंच घेतलं, बाकी मी कोणालाच ऐकवलं नाही. तुम्ही एकटे असाल तेव्हा ऐका.

काळजी घ्या.
समीर

—

तेलीबाग, लखनौ
६ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी थेटरवर गेलो. सिनेमा उतरला होता. खिडकीवरचा पोरगा म्हणाला की अंकल, वो तो कब का हट गया, दूसरी कॉमेडी देख लीजिए.

समीर मंगळवारी येतोय. भटजींना सांगितलंय. त्याची खोली झाडून घेतली, चादर बदलली. काय बोलायचं ते ठरवून ठेवतो आणि विसरतो. माणिकरावांना विचारलं की सिनेमातला बाप तुम्हाला कसा वाटला. ते म्हणाले की अहो, शेवटी रडू आणलं की त्यानं. मला तो शेवट आठवत नाही. मी तेव्हा बाहेर काय बोलायचं ते जुळवत होतो.

रेकॉर्डिंग काल ऐकलं. तू सांगितलंस ते खरं आहे, आवाज तिचाच. एवढ्या मोठ्यानं ती बोलू शकते, हे मला माहीत नव्हतं.

तू श्राद्धाला आलीस तर बरं होईल. गुडघ्यांना जमत नसेल तर आग्रह नाही, पण आठवण ठेव.
तुझा
दीनानाथ

ता. क. पोराला रागवून झाल्यावर पुढं बरंच आहे. भांड्यांचा आवाज, मग ती हळू आवाजात म्हणते की अहो, वाढू का. थोड्या वेळानं पुन्हा. मग, अहो, ऐकताय ना. समीरचा फोन टोकाच्या खोलीत होता, तिथपर्यंत ते स्वच्छ पोचलंय. मधल्या खोलीत टीव्हीवर बातम्या चालू आहेत आणि कुणीतरी खाकरतं. तो मी आहे. मी ओ दिलेली नाही.