हौसेरावांनी अंडं घातलं त्याची हकीकत

नेरूळ

ती. पुतळाताईस,

धाकटा भाऊ वामन याचा वाकून नमस्कार. पत्र बघून तू दचकली असशील. आमचं सारसोळे आणि तुझं दिवाळे या दोन गावांत पत्रव्यवहार करायची वेळ आजवर कोणावर आली नसावी. रिक्षाने निघालो तर पोस्टमनच्या कितीतरी आधी पोचेन. पण तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलं आहेस (सुचिताला केलेलं नाहीस, माझ्या बायकोला रोज सकाळी तुझं गुलाबाचं फूल येतं), आणि दारात दिसलो तर कोयता काढीन असा निरोप आहे. पोस्टमनवर तू कोयता काढणार नाहीस अशी आशा. गुडघा कसा आहे? मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अजून हिंडत असशील तर तेवढं बंद कर. भावोजींना नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत, टाकीतलं पाणीही ठीक आहे.

टाकीचं नाव काढलं म्हणून पत्र फाडू नकोस. झालं ते एकदा नीट मांडतो, कारण कोळीवाड्यात तू सांगतेस ती हकीकत वेगळी आहे असं ऐकतो. हॉलमध्ये सहा फुटी काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, आणि पाण्यात एक बारकं पाकट आणि एक मुशी (सोसायटीतली पोरं त्यांना स्टिंगरे आणि शार्क म्हणतात). पाकटाचं नाव ज्ञानू, मुशीचं हौसेराव. (बाबांनी जन्मभर जी जनावरं जाळ्यातून काढून पाटीत टाकली ती मी दुकानातून जिवंत विकत आणली, यावर भावोजी अजून हसतात म्हणे.) तू न कळवता आलीस त्या दिवशी आम्ही सुचिताचा दात दाखवायला गेलो होतो. शेजारून किल्ली घेऊन तू आत आलीस आणि भावाने आपल्यासाठी ताजं पाकट जितं ठेवलंय असं तुला वाटलं. त्याबद्दल तक्रार नाही. आपल्या घराण्यात पाकट बघून कोणाला दुसरं काही वाटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ज्ञानूला हातातून कोळंबी खायची सवय, त्यामुळे तू पाण्यात हात घातलास तसा तो आपणहून हातात आला. (इतका समजूतदार मासा जन्मात पाहिला नाही, हे तूच नंतर सांगितलंस.) आम्ही परतलो तर घरभर वास आणि ताटं वाढलेली. मी दोन वाट्या कालवण ओरपलं, आईच्या हातची चव आहे म्हणालो, आणि हात धुवायला उठलो तेव्हा टाकीकडे लक्ष गेलं.

मी रडलो हे कबूल. बेसिनपाशी खरकट्या हाताने उभा राहून रडलो. तू म्हणालीस, "मासा खाल्ला तं रडतस कनाला?" त्यावर मी तुला खुनी म्हणालो. तू पिशवी उचललीस आणि ही काचपेटी घरात आहे तोवर पाय ठेवणार नाही असं सांगून गेलीस. तेव्हापासून तुझं तोंड पाहिलेलं नाही. मी माफी मागत नाही आणि तूही मागू नकोस. कालवण खरंच चांगलं झालं होतं.

तुझ्यासाठी टाकी काढून टाकायचं मी ठरवलंही होतं, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. तेवढ्यात हौसेरावांनी अंडं घातलं. दुकानदाराने नर म्हणून दिला, म्हणून आम्ही नावही तसं ठेवलं. आता बदललं तर त्याला (म्हणजे तिला) वाईट वाटेल असं सुचिताचं म्हणणं. अंडं कोंबडीसारखं नसतं. तपकिरी, चपटं, चामड्याच्या पाकिटासारखं, आणि कडेला दोरे. असलं काही जाळ्यात आलेलं तुला आठवतं का, आणि आपल्यात त्याला काय म्हणतात? तू मुशी कापताना पोटातून जिती पिल्लं निघालेली मला आठवतात. म्हणजे काही मुश्या पिल्लं देतात आणि काही अंडी घालतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पण टाकीत दुसरी मुशी नसताना हे जमलं कसं? दुकानदार म्हणतो, कधीकाळी नर भेटलेला असला तर मादी ती शिदोरी महिनोन्‌महिने पोटात सांभाळते, आणि कधीकधी नराशिवायही भागवते. हे मी सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. तो म्हणाला, हे आमच्या बायकोच्या कानावर घालू नका.

मोबाइलचा टॉर्च मागून धरला की अंड्यात पिल्लू वळवळताना दिसतं. आजवर टाकीकडे ढुंकून न पाहिलेली सुचिता आता स्टूल घेऊन तिथेच बसते, आणि भाजी करपते. अंडं घातल्यापासून पिल्लू बाहेर यायला चारेक महिने लागतात, त्यातले बहुतेक सरलेत, पण तोवर टाकी हलवायची सोय नाही. टाकी गेली तर पिल्लू जाणार, राहिली तर तू येणार नाहीस, आणि मला दोन्ही हवं आहे. तू आली नाहीस की मला वामन्या म्हणणारं घरात कोणी उरत नाही. त्याचा त्रास होतो, तो असा लिहूनच सांगता येतो.

तुझा ओरडा खाऊनही न सुधारलेला भाऊ,
वामन

ता. क. : चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडून लिहितोय. पोस्टात जायला चपला घातल्या आणि सुचिताने हाक मारली. पिल्लू बाहेर आलं. वीतभरही नाही, अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि तळाशी बसून आमच्याकडे बघतंय. सुचिता रडतेय. रडतस कनाला, असं मी तिला विचारलं नाही.

आणखी एक ता. क. : पत्र खरं म्हणजे यासाठीच लिहायला घेतलं होतं. बाराव्या दिवशी बारसं करायचं असं सुचिताने कधीच ठरवून ठेवलंय. हसू नकोस. नाव आत्याने ठेवायचं असतं, आणि या घरात ते काम आम्ही तुला कधी देऊ शकलो नाही. आमच्या लग्नानंतर तू हौसेने शिवलेली झबली अजून तुझ्या ट्रंकेत आहेत हे मला माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस, आम्हीही नाही. तर ये. घुगऱ्या आणू नकोस, बारीक कोळंबी आण. नाव तुला वाटेल ते ठेव. कानात सांगायचं कसं याची काळजी होती, पण मी वाचून काढलंय : मुशीला कान असतात, डोक्यावर, टाचणीने टोचल्यासारखी दोन भोकं. सुचिताने ती शोधून ठेवली आहेत. तुझा आवाज बाजारात चालतो, इथे जरा हळू सांग. लहान आहे अजून.