हळदूच्या सोळा बांगड्या

२ एप्रिल
घाटंजीचा बाजार. लाकडी झुमके, पदकं, बांगड्या, नेहमीचंच मांडलं. लोक हातात घेतात, "भारी हाय" म्हणतात, ठेवून देतात. चाळीस वर्षं हेच. पण आज बंजारा तांड्यावरची गंगाबाई आली. सत्तरीची असेल. बाही वर सारून म्हणाली, "दादा, दंडावर घालाच्या बांगड्या करता काय?"
नवरा गेला तेव्हा दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या उतरवल्या. तेव्हापासून दंड मोकळे. महिनाअखेर नातीचं लग्न, बायकांच्या फेरात नाचायचंय. म्हणे, "पांढऱ्याले मनाई हाय. लाकडाचं कोनी काही बोललं नाही."
काय डोकं आहे बाईचं! वाटभर हसत आलो.

५ एप्रिल
हळदूचं लाकूड काढलं. किती वर्षं वाळत ठेवलेलं, पिवळंधमक. लेथवरून पहिली उतरली तशी कमलला हाक मारली. तव्यावरची पोळी टाकून आली बिचारी. पोळी करपली. बांगडी मात्र अशी की...

११ एप्रिल
सोळा तयार, एका दंडाला आठ. तांड्यावर नेल्या. झकास बसल्या. मग डोक्यावर पदर घ्यायला गंगाबाईनं हात वाकवला आन् ओरडलीच. खालच्या तीन-तीन कोपराशी रुतल्या! मी माप घेतलं ते हात सरळ ठेवून, टेबलाचा पाय मोजावा तसं. जन्मभर सुतारकी केली आणि हात वाकतो हे विसरलो. तेल लावून काढल्या. ती हसत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं.

१२ एप्रिल
कमलचा हात धरून बसलो. वाकव, सरळ कर, परत वाकव. कमल : "लगन होऊन चाळीस वर्स झाले, येवढा हात कधी धरला नाही तुमी."
सहा नव्यानं करायच्या. लाकूड पुरेल. पुरायलाच पाहिजे.

१९ एप्रिल
पुरलं! गंगाबाईनं भाकरी थापून पाहिली, पाणी ओढून पाहिलं. एकही अडत नाही. मी नाचायचाच बाकी होतो. निघताना दारात तिची थोरली जाऊ. बायकांत तिचाच शब्द चालतो. बांगड्या निरखून पाहिल्या आणि तशीच आत गेली. ती गेल्यावर गंगाबाई : "थे नाही म्हनली तं मी उतरवून ठेवीन, दादा. भांडन नाही करनार."


२८ एप्रिल, लग्न
पत्रिकेच्या पाठीवर लिहितोय, वही घरी राहिली. डफडं जोरात. कमल म्हणते, "लिवून कायले राह्यले, पाहा ना!" आली गंगाबाई! दोन्ही दंड भरलेले. काय दिसतेय! माझ्या हातची वस्तू अशी मिरवताना जन्मात पाहिली नव्हती.
फेरात पाय टाकणार तोच थोरली जाऊ उठली. सरळ तिच्यापाशी गेली, दंड धरला. बायका थबकल्या, डफडं चालूच. जाऊ काहीतरी बोलतेय, इथवर ऐकू येत नाही. बाहेर काढतेय की आत नेतेय? हात अजून सोडलेला नाही, पण दोघींचे पाय फेराकडेच वळलेत! कमल उठून तिकडे निघाली. मीही चाललो