जुन्या क्रेनमधली काळी तार

सोमवार, ४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा. घाटाच्या पायथ्याशी डेपो, वर घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला दोन क्रेन आणि गॅरेजच्या माडीवर माझी खोली. खिडकीला पडदा आहे, नळाला पाणी आहे. माणसाला आणखी काय हवं? डिझेलचा वास तेवढा कायमच्या मुक्कामाला. आठवड्यात नाक मरतं, असं मेस्त्री म्हणाले. मेस्त्री इथले सर्वेसर्वा. बोलणं फटकळ, पण आल्या आल्या चहा स्वतः ओतून दिला. वायरलेसच्या खोलीत, म्हणजे कंट्रोलमध्ये, एक बाई बसतात. सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. त्यांनी लगेच मला भाऊजी करून टाकलं. आईला फोनवर सांगितलं, नोकरीला नाही, सासुरवाडीला आलोय.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
पहिलं काम आवडीचं निघालं. जुनी क्रेन बरेच महिने शेडमध्ये उभी होती, तिच्यात नवा वायरलेस सेट बसवायचा. लाल तार थेट बॅटरीवरून घेतली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला. काळी तार अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. ती रंगावर नुसती आवळली तर सेट जन्मभर खरखरतो. म्हणून सीटमागचा रंग पॉलिशपेपरने घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला. टपावर एरियल चढवलं. वहिनींना हाक दिली, उत्तर खणखणीत आलं.
मग मध्येच कुणी पुरुष खोकला. मेस्त्री म्हणाले, दुसऱ्या कुणाचा तरी सेट लागला असेल.

बुधवार, ६ नोव्हेंबर
आज शब्द आले. कंट्रोल, धुकं दाटलंय, रस्ता दिसत नाही. मी माइक उचलून कोण, कुठून, असं विचारलं. तो तेच म्हणत राहिला. अर्थ कच्चा असेल म्हणून बोल्ट काढून पत्रा आणखी घासला. आवाज उलट स्पष्ट झाला, श्वासासकट. इंजीन तर बंद होतं.
मेस्त्रींना बोलावून ऐकवलं. ते बोनेटला टेकले आणि म्हणाले, हा वहिनींचा नवरा. मागच्या वर्षी याच गाडीसकट वरच्या वळणावरून दरीत गेला. गाडी वर काढून दुरुस्त केली, तो काही सापडला नाही. आता मालकांना गाडी पुन्हा कामाला लावायची आहे. वहिनींच्या कानावर जाऊ देऊ नकोस, एवढं बजावून ते निघून गेले.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
लाल तार काढली. सेटचा दिवा विझला. तो बोलतोच आहे.
काळी तार सोडवली, तेव्हा गप्प झाला. परत टेकवली, की कंट्रोल, धुकं दाटलंय. म्हणजे तो बॅटरीवर चालत नाही. पत्र्यातून येतो. घासलेल्या जागेवर बोट ठेवलं तर पत्रा गार होता आणि ओला.
वळून पाहतो तो वहिनी मागे उभ्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. रडल्या नाहीत. “भाऊजी, ती तार काढू नका,” म्हणाल्या. “इतक्या दिवसांत मला कुणी अशी हाक दिली नाही.”
मी बोल्ट आवळला. त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही सुचलं नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
वहिनी दिवसभर क्रेनमध्ये. सासूबाईंचा गुडघा, छताची गळती, सगळं त्याला सांगत होत्या. तो ऐकायचा. मग त्याने विचारलं, सेट कुणी बसवला. वहिनींनी हसून माझ्याकडे बोट दाखवलं — जणू त्याला दिसत होतं.
मेस्त्री म्हणाले, उद्या ती तार मीच तोडतो.

शनिवार, ९ नोव्हेंबर
धुकं. मेस्त्री सकाळीच दुसरी क्रेन घेऊन खालच्या रस्त्याला गेले, अपघात आहे. वहिनींनी चाव्या घेतल्या. तो वळणावर थांबलाय म्हणतात. अडवून पाहिलं, ऐकेनात. एकटीला कसं सोडू? शेजारी बसतोय.

दुपार
वळण. त्यांनी हँडब्रेक ओढला, केस सारखे केले, उतरल्या. धुक्यात शिरल्या — मी हाका मारल्या — उत्तर नाही. मागोमाग उतरायला दार उघडलं तर खाली रस्ता नाही. नुसतं पांढरं.
मेस्त्रींना सेटवरून कळवलं. म्हणाले, दार लावून बस, हलू नकोस, निघालोच. वही खिशात होती. हाताला चाळा म्हणून लिहितोय.

काळी तार कापली. पक्कडीने. दोन्हीकडून.

वहिनी बोलताहेत. सेटवरून — त्यांच्याकडे सेट कुठला? आवाज त्यांचाच, खणखणीत. भाऊजी, इकडे रस्ता छान मोकळा आहे, हे पण आहेत —

गाडी हलतेय. इंजीन बंद. हँडब्रेक मी एका हाताने ओढून धरलाय, तरी —
वहिनी गाडी मागे घेताना सांगतात तसं सांगताहेत. येऊ द्या. येऊ द्या. आता दोघं मिळून — अजून थोडं, भाऊजी, येऊ द्