बारीक माणसाला साखर होत नाही

५ एप्रिल
आम्हा चिन्यांचा पितरांचा सण. आईच्या थडग्यावर सगळे जमलो. गवत उपटलं, उदबत्त्या लावल्या, संत्री मांडली. आई साखरेनं गेली. शेवटी पाय कापावा लागला होता. घराण्याची साखर आता कुणाकडे जाणार हे उघड आहे. थोरला भाऊ बेंग चुन, पोट सुटलेला. टेकडी चढताना प्रत्येक वळणावर टेकत होता. मी बॅडमिंटन कोच. पन्नाशी उलटली तरी कॉलेजातली पँट बसते.
मुलगी हुई शान विद्यापीठात जीनवर काम करते. म्हणाली, आशियाई घराण्यांत साखर कशी उतरते याचा अभ्यास चाललाय, सगळ्यांनी रक्त द्या. मी पहिला हात पुढे केला. अशा अभ्यासात एखादा निरोगी माणूसही लागतो.

१२ एप्रिल
रक्त दिलं. नंतर बेंग चुनच्या चहाच्या दुकानात त्याला समजावलं, भात कमी कर. म्हणाला, "तू तुझं बघ." मोठा आहे, म्हणून सोडून दिलं. तो बिनसाखरेची कॉफी प्याला. मी आटवलेल्या गोड दुधाचा चहा, दोन पेले. ज्याची त्याची प्रकृती.

३ मे
रिपोर्ट आले. बेंग चुनची साखर ठीक. माझी वाढलेली. नळ्यांची अदलाबदल झाली आहे. हुई शानला तसं सांगितलं. म्हणाली, "नळीवर नाव होतं, पा."
मग तिनं सगळं समजावलं. आपल्या लोकांत बारीक माणसालाही होते. चरबी पोटाच्या आत दडून बसते, बाहेरून दिसत नाही. शिवाय काहींचं स्वादुपिंड मुळातच कमी दमाचं. धोक्याचे जीन माझ्यात पुष्कळ, बेंग चुनमध्ये कमी. मी विचारलं, एकाच आईची लेकरं, असं कसं? म्हणाली, वाटणी सारखी होत नसते.
हे मात्र खरं. थोरल्याला दुकान मिळालं, मला हे.

४ मे
निश्चय. तपासणी पुन्हा करायची. तोवर गोड बंद. यंत्राला योग्य आकडा दाखवायची संधी दिली पाहिजे.

९ मे
तपासणी झाली. आकडा तोच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात गेल्या तीनेक महिन्यांची साखर दिसते, चार दिवसांच्या उपासानं काही होत नाही. हे आधी सांगायला नको? परवाचं चेंडोलही उगाच सोडलं. बर्फ, नारळाचं दूध आणि गूळ, त्यात वाईट ते काय?
गोळ्या दिल्या. ड्रॉवरमध्ये ठेवल्या. औषध घरात असलं की निम्मा गुण तिथेच येतो.

१८ मे
शांतपणे विचार केला. जीनमुळे आहे, म्हणजे माझा दोष नाही. दोष नाही, तर पथ्य कसलं? बायकोला हे पटवून दिलं. गेक चू म्हणाली, "छप्पर बापजाद्यांचं असलं तरी गळायला लागल्यावर बादली आपणच ठेवतो ना?"
छपराचा इथे काही संबंध नाही.

१४ जून
दुरियानचा हंगाम. फक्त वास घ्यायचा ठरवलं होतं. फळ आहे, पौष्टिक असतं.
कोर्टवर पोरींना शिकवताना शटल अंधूक दिसत होतं. दिवे बदलायला सांगितलं पाहिजे. घरी बूट काढला तर आत खडा. टाच सोलून रक्त आलेलं, मला पत्ता नाही. बुटाचा दर्जा उत्तम आहे, त्यामुळे टोचत नाही. गेक चूनं जखम धुतली. बराच वेळ माझा पाय मांडीवर घेऊन बसली. तिला म्हटलं, एवढ्याशा खड्याचं काय घेऊन बसलीस.

२ जुलै
हुई शानला सहावा महिना. तिची साखर वाढलीय. मी कडक भूमिका घेतली. भात निम्मा, गोड अजिबात नाही, जेवणानंतर चालायचं, डॉक्टरांचं ऐकायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पा, तू गोळ्या घेतोस ना?"
हो म्हणालो. गोळ्या त्या वेळी खिशातच होत्या, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं.
ती म्हणाली, "निम्मे जीन तुझेच आहेत माझ्यात. धोका अंगात असला तरी माणूस नीट राहू शकतो, हे मी रोज लोकांना सांगते. आपल्या घरात एकदा तरी बघायचंय मला." पोटावर हात ठेवून बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर समजूत घालता आली असती. माझा चहा तसाच राहिला.

५ जुलै
आज तिच्या सोबतीला दवाखान्यात गेलो. एकटीला धीर झाला नसता. बाकावर बसल्या बसल्या तिला नीट सांगितलं. घाबरायचं नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. आपल्याला काही झालेलंच नाही असं म्हणून कुणाचं भलं होत नाही. ती मान डोलवत होती.
नर्सबाईंनी दार उघडून पुकारलं, "खू केंग होई."
मी म्हणालो, चूक होतेय, ते माझं नाव आहे, पेशंट ही आहे.
हुई शान म्हणाली, "माझं काल झालं, पा. ऊठ."
उठलो.