हद्दीबाहेरचा मास्तर

३ फेब्रुवारी १९३६, सोमवार
आज वेणीमाधव मास्तराने बिनतारीवर कोलंबोच्या गृहस्थाला, माझ्या कानादेखत, सांगितलं की आमचे बाळासो भवानी पेठेतून बोलतात ते तुम्हाला मशीन नसतं तरी ऐकू आलं असतं. कोलंबो हसलं. सूड घेणार. शांतपणे.

५ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
सापडला! आम्हा हौशी लोकांना बोलायला ७००० ते ७३०० किलोसायकल एवढाच पट्टा. मास्तर ७३०५ वर! हायस्कुलात फिजिक्स शिकवतो म्हणे. मी सायकलींची पंक्चरं काढत वर आलो, कॉईल मागाच्या बॉबिनवर गुंडाळली, पण डायलवरचा काटा केसभर चुकत नाही. लगेच ७३०५ वर जाऊन खडसावलं. "चुकलो, बाळासो. जरा हळू," म्हणाला आणि आत पळाला. वेळ वहीत टिपली. पुरावा.

८ फेब्रुवारी
मास्तर आज ७३०५ वर आलाच नाही. भ्याला. मी तिथे अर्धा तास त्याला हाका मारल्या. तेही टिपलं. बायको अनसूया म्हणाली, "मास्तर एकदा दुसऱ्याच्या रानात शिरला, तर तुमी तितंच बिऱ्हाड केलंय की!" बायकांना बिनतारी कळत नाही.

१५ फेब्रुवारी
रोज सकाळी जागेवर पहारा. मास्तर नाही. मी मात्र हाका चुकवत नाही. एकूण अकरा नोंदी. वहीसकट तक्रार तार खात्याला रजिस्टरने धाडली. मास्तराचं लायसन्स गेलंच समजा. गेल्यावर त्याला हुरड्याला बोलावणार आणि त्या विषयावर चकार शब्द काढणार नाही. याहून मोठा सूड नाही.

२ मार्च
इन्स्पेक्टरसाहेब आले. वही सावकाश वाचली. वेळा, जागा बरोबर? म्हटलं, साहेब, हे कान चुकत नाहीत. ७३०५ वरून अकरा वेळा बोलणारे तुम्हीच? अभिमानाने सही केली.
मास्तराची चूक एक. ताकीद.
माझ्या अकरा. ट्रान्समीटरला लाखेचं सील, सहा महिने. ऐकायला हरकत नाही म्हणाले. अनसूयेने साहेबांना दोनदा चहा दिला.

९ मार्च
मास्तराने कोलंबोला सगळी हकिकत सांगितली. माझ्या आवाजाची नक्कलसुद्धा. पंचवीस मिनिटं. काट्यावरची नजर हलवली नाही.
७२१०. एकदाही बाहेर गेला नाही.